ऑर्व्हाडिनचे शनिवार

करीननं खिशातून सुतळीचा तुकडा काढला, त्याला सरकगाठ मारली आणि टेबलावरच्या मिठाच्या बाटलीच्या मानेत अडकवून ओढून दाखवली. बाटली कलंडली. थोडं मीठ मर्लच्या कागदांवर सांडलं.

"अशी," ती म्हणाली. "दोरीचं दुसरं टोक होडीला बांधायचं. राक्षस झोपला की तोंड उघडं ठेवतो. टॅन्सी त्याच्या दाताला गाठ मारणार आणि होडी प्रवाहात सोडून देणार. दात उपटला की तो आपल्याला नदी ओलांडू देईल. आनंदानं."

"त्याचा दात दुखतो हे तुला कुणी सांगितलं?" तोंडातलं खारं प्रेट्झेल बिस्किट चावत रूडीनं विचारलं. रूडी हा मर्लचा मेहुणा. या खेळात करीन टॅन्सी नावाचं पात्र खेळायची; रूडी एका सुस्त पुजाऱ्याचं पात्र खेळायचा आणि बहुतेक वेळ खातच असायचा.

"मागे एकदा मर्लकाका म्हणाले होते, राक्षस एकाच बाजूनं चावतो."

मर्ल टोलेफसन खुर्चीत सरळ बसला. हा खेळ त्याच्याच तळघरात चालायचा आणि तोच तो चालवायचा. जग कसं आहे ते तो सांगायचा, बाकीचे आपापलं पात्र काय करतं ते सांगायचे, आणि जिथे शंका असेल तिथे फासा निकाल द्यायचा. एवढ्या वर्षांत त्याचं बोलणं इतकं कान देऊन कुणी ऐकलं नव्हतं.

"म्हणालो होतो खरा," तो म्हणाला. "टाक फासा. आधी चढायचा."

वीस बाजूंचा निळा फासा गडगडला. टॅन्सी राक्षसाच्या दाढीला धरून वर चढली. दुसऱ्या फाशाला दोरी दातात अडकली, पण गाठ बसली नाही. राक्षसानं डोळा उघडला.

"मूठ वर उचलतोय," मर्ल हळू आवाजात म्हणाला. "निसटायचं असेल तर चौदा तरी हवेत. नाहीतर, पोरी, अवघड आहे."

करीननं दोन्ही हातांच्या ओंजळीत फासा धरला. तिचे कान लाल झाले होते. रूडीचं चावणं थांबलं होतं. तिनं फाशावर फुंकर मारली.

"थांबा," करीनचा बाप नॉर्बर्ट म्हणाला. "ऑर्व्हाडिन काळ थांबवतो."

नॉर्बर्टनं हाताची बोटं उघडली आणि मिटली. ऑर्व्हाडिन हा मंत्र म्हणताना असंच करायचा. "मूठ हवेतच राहिली. मी टॅन्सीला अलगद उचलतो, या काठावर आणून ठेवतो. मग राक्षसाकडे बघतो. नुसतं बघतो."

"राख," मर्ल म्हणाला. फासा टाकायची गरजच नव्हती.

"आणखी एक राखेचा ढीग," रूडी म्हणाला आणि त्यानं प्रेट्झेलच्या वाडग्यात हात घातला. "नदीकाठी आता शेती छान होईल."

ऑर्व्हाडिन हा नॉर्बर्ट व्हॉसचा जादूगार. करीन पाळण्यात होती तेव्हा नॉर्बर्टनं त्याला पहिल्यांदा कागदावर उतरवलं. तेव्हा त्याच्याकडे एक काठी आणि एक फाटका झगा होता. आता ढगांवर त्याचा किल्ला होता, दोन देवांना त्यानं सिंहासनावरून खाली खेचलं होतं, आणि मरण टाळायच्या तीन वेगवेगळ्या वाटा त्याला ठाऊक होत्या. मधल्या काळात नॉर्बर्टचं लग्न मोडलं. शबॉयगन गावातलं घर बायकोकडे, लोईसकडे गेलं. एक सोडून एक शनिवार मुलगी त्याच्याकडे यायची, आणि तिला न्यावं अशी एकच जागा त्याला ठाऊक होती.

करीननं ओंजळ उघडली. फासा तसाच हातात होता.

"मी मेले असते का, मर्लकाका?"

"काय माहीत. तेवढा फासा राहिला ना टाकायचा."

"मग टाकू?"

मर्लनं नॉर्बर्टकडे पाहिलं, मग मिठाकडे. "आता कशासाठी टाकणार? राक्षसच राहिला नाही."

परतताना गाडीच्या काचेवर बर्फाचे बारीक कण आपटत होते. नॉर्बर्ट खुशीत होता.

"घाबरलीस ना? तुझा चेहरा तू बघायला हवा होतास."

"हो."

"म्हटलं, माझ्या पोरीला हात लावतोस काय!"

वायपर दोनतीनदा फिरले. "मला बघायचं होतं काय होतं ते," ती म्हणाली. तिनं सुतळीची गाठ सोडायला घेतली होती. गाठ घट्ट बसली होती, आणि लोईसचं घर येईपर्यंत ती सुटली नाही.

त्यानंतर तिनं यायच्या शनिवारी तिचा फोन आला. शाळेच्या बँडची प्रॅक्टिस होती. त्याच्या पुढच्या वेळीही प्रॅक्टिसच होती.

"बँड?" नॉर्बर्ट मर्लला म्हणाला. दोघं मर्लच्या दारातला बर्फ फावड्यानं ओढत होते. "हा बँड कुठून उपटला मधेच? रागावलीय माझ्यावर. बहाणा आहे सगळा."

"असेल."

"तूच सांग, मी करायला काय हवं होतं? डोळ्यांसमोर तिला मरू द्यायचं?"

मर्लनं फावडं बर्फात रोवलं आणि त्यावर रेलला. "त्या राक्षसाचा दात मी उगीच दुखवला नव्हता, नॉर्ब. ते कुणाच्या तरी लक्षात यावं म्हणून चार खेळ वाट बघत होतो. तुझ्यासमोर ठेवायला आता माझ्याकडे काही उरलेलं नाही. ड्रॅगन आणला, राख. भूकंप आणला, तू थांबवलास. रूडी फक्त प्रेट्झेलसाठी येतो. विचार त्याला."

"मग मार त्याला. ऑर्व्हाडिनला."

"कशानं मारू? मरण टाळायच्या वाटा मीच दिल्यात ना त्याला. तू मागत गेलास, मी देत गेलो. लोईस तुला सोडून गेली त्या वर्षी तर तू मागायच्या आधीच देत होतो."

नॉर्बर्टनं फावडं पुन्हा उचललं. उरलेला बर्फ दोघांनी मिळून काढला.

त्या आठवड्यात नॉर्बर्टनं एक कोरा कागद घेतला आणि नवीन पात्र बनवायला बसला. नाव ठेवलं ओडो. गाढवावर मिठाची पोती लादून गावोगाव फिरणारा म्हातारा. गुडघे अधू. जादूचं एक अक्षर येत नाही. मांजरानं ओरबाडलं तरी मरेल इतका जीव. लिहिता लिहिता त्याला हसू यायला लागलं. गाढव हट्टी आहे आणि मालकापेक्षा हुशार आहे, असं त्यानं शेवटी लिहिलं, आणि लगेच करीनला फोन लावला.

त्यानं ओडोबद्दल सगळं सांगितलं, गाढवाबद्दलही. पलीकडून ती हसली.

"मस्त आहे, बाबा."

"मग या शनिवारी? ऑर्व्हाडिन येणार नाही. त्याला किल्ल्यात बसवून आलोय कायमचा. टॅन्सीलाच पुढे व्हावं लागेल. ओडोला कुणीतरी सांभाळायला नको?"

"बाबा, मला खरंच बँड आवडतो."

"हो, हो. ते आहेच."

"मंगळवारी कार्यक्रम आहे शाळेत. यायचं असेल तर ये. नाही आलास तरी चालेल."

शाळेच्या व्यायामशाळेत घडीच्या खुर्च्या मांडल्या होत्या. ओल्या कोटांचा आणि लाकडी जमिनीला मारलेल्या पॉलिशचा वास येत होता. लोईस पुढच्या रांगेत बसली होती. नॉर्बर्ट मागे, बास्केटबॉलच्या जाळीखाली बसला. करीन क्लॅरिनेट वाजवते हे तिच्या हातात ते वाद्य बघितल्यावर त्याला कळलं.

मध्यंतरानंतर ती एकटी उभी राहिली. पियानोच्या साथीनं तिला एक संथ तुकडा वाजवायचा होता. सुरुवात चांगली झाली. मग एका उंच स्वरावर क्लॅरिनेट किंचाळलं. टाचेखाली काहीतरी सापडावं तसा आवाज साऱ्या व्यायामशाळेत घुमला. मागच्या रांगेत कुणीतरी फिदीफिदी हसलं. करीननं वाद्य तोंडापासून दूर केलं. पियानो तिला सोडून पुढे निघून गेला.

"अहो, खाली बसा," मागून एक बाई म्हणाल्या. "दिसत नाही आम्हाला."

आपण कधी उभे राहिलो, हे नॉर्बर्टला कळलंच नव्हतं. त्याच्या हाताची बोटं पसरलेली होती. तो खाली बसला आणि त्यानं हात मांड्यांखाली दाबून ठेवले.

करीननं वाद्याच्या टोकाची पट्टी जिभेनं ओली केली. ती ऐकत होती, मान जराशी कलती करून. पियानो एका ठिकाणी खाली उतरला. तिथे तिनं उडी घेतली, आणि शेवटपर्यंत वाजवलं.

नंतर बाहेरच्या व्हरांड्यात पालक कागदी पेल्यांतून सरबत पीत उभे होते.

"कुणाच्या लक्षातसुद्धा आलं नाही, राणी," लोईस म्हणत होती.

करीननं तिच्या खांद्यावरून नॉर्बर्टकडे बघितलं. "तू ऐकलंस?"

त्याच्या ओठांवर काहीतरी आलं होतं. ते त्यानं गिळलं. "ऐकलं."

"किती वाईट होतं?"

"बरंच."

ती एकदम हसली. "भयंकर होतं! पुन्हा कुठून पकडायचं ते कळेना. पियानोवर मिसेस हाऊगेन थांबतच नव्हत्या. मग म्हटलं, जिना उतरल्यासारखे सूर येतात ना, तिथे घुसायचं. आणि घुसले." ती भराभर सांगत होती, हातवारे करत. तो मधून मधून एवढंच म्हणत होता, "मग?" कुणीतरी तिला आतून हाक मारली, तेव्हा वाक्य अर्धं टाकून ती पळाली.

लोईस तिथेच उभी राहिली. "बरंच वाईट, काय? हे असं सांगतात का?"

"तिनं विचारलं." मग तो म्हणाला, "चांगलं वाजवते. इतक्यात शिकून एवढं—"

"इतक्यात?" लोईसनं त्याच्याकडे नीट पाहिलं. तिच्या आवाजातली धार गेली होती. "पाचवीपासून वाजवतेय ती, नॉर्ब. दर शनिवारी प्रॅक्टिस असते. तुझ्याकडे यायची तेव्हा ती बुडवायची आणि सोमवारी सरांची बोलणी खायची. मी म्हटलं होतं, बाबाला सांग, तो दुसरा वार घेईल. तर म्हणाली, नको, त्याचा खेळ शनिवारी असतो."

एवढं बोलून ती कोट आणायला गेली.

आत काही माणसं खुर्च्या मिटून भिंतीला लावत होती. नॉर्बर्ट त्यांच्यात जाऊन मिसळला. एकेक खुर्ची मिटताना त्याला पलीकडे करीन दिसत होती. ती जमिनीवर मांडी घालून बसली होती. समोर उघडी पेटी होती. तिनं क्लॅरिनेट सोडवलं, एकेक भाग फडक्यानं आतून पुसला, उजेडाकडे धरून बघितला आणि पेटीतल्या त्याच्या त्याच्या खाचेत ठेवला. हात सवयीचे होते. त्या वाद्याचे एवढे तुकडे होतात हे त्याला माहीत नव्हतं.

"ती खुर्ची द्या इकडे," शेजारचा माणूस म्हणाला.

नॉर्बर्टनं ती त्याच्याकडे दिली आणि दुसरी उचलायला वाकला.