सासरे बसले का?

आमच्या शिडाच्या होडीवर तीन नांगर. हलका, तासाभराच्या मुक्कामाचा, तो जावई: आला, जेवला, निघाला. रुंद पात्यांची, वाळू-चिखल धरून रोज राबणारी, ती सून. आणि फळीखाली, होडीच्या पोटात, सुटा करून ठेवलेला अवजड सासरा. वर्षभर नुसता बसून. पण खडकाळ, शेवाळलेला तळ धरणार तो एकटाच. नावं दादानंच ठेवलेली.

निघताना दादा फळीवर टाच आपटायचा. "सासरे बसले का?"

मी म्हणायचे, "बसले." मगच शीड चढायचं.

त्या सकाळी सासरा शेडमध्ये होता, जुन्या शिडांमागे. मीच नेऊन ठेवला होता. त्याच्या वजनानं होडी नाक खुपसून चालते. एकदा तिला हलक्या अंगानं धावताना पाहायचं होतं. दादानं टाच आपटली. मी म्हटलं, "बसले."

होडी पाखरासारखी धावली, खोटं कशाला बोलू.

दुपारी खडकांच्या आडोशाला थांबलो आणि वारा फिरला. सून शेवाळावरून घसरू लागली. "सासऱ्याला काढ!" दादा ओरडला. मी फळी उचलली. खाली चार बोटं पाणी, बाकी काही नाही. सुकाणू खडकावर आपटून फुटलं. वल्ह्यानं दिशा धरत कसेबसे परतलो.

वाटेत तो हळूच म्हणाला, "मी तुला विचारलं होतं ना गं?"

"नाही रे," मी म्हणाले. "विसरलास."

आमचे बाबा असेच विसरत गेले होते. आधी चष्मा, मग घराची वाट, शेवटी आम्ही दोघं.

दुसऱ्याच दिवशी दादाच्या दारामागे कागद लागला. गॅस बंद. किल्ली खिशात. धाकटीचा, म्हणजे माझा, वाढदिवस. वहिनी म्हणाली, "माझंही नाव लिहा, नाहीतर भलतीलाच हाक माराल." तो हसला नाही. त्यानं ते लिहिलं.

आठव्या दिवशी म्हणाला, "होडी विकतोय. उद्या माणूस बघायला येतोय."

मी शेडमधून सासरा दोन खेपांत आणला, आधी दांडा, मग पाती. दादा पायरीवर बसून नव्या सुकाणूला पॉलिशपेपर मारत होता.

"हा कुठे सापडला?"

"सापडला नाही. मीच काढला होता. तू विचारलं होतंस, दादा. मी 'बसले' म्हणाले होते."

त्याचा चेहरा उजळला. "म्हणजे मी विसरलो नव्हतो! अगं ए, ऐकलंस का, मी विसरलो नव्हतो!" वहिनी ओल्या हातांनी धावत आली. तो हसत होता, डोळे पुसत होता.

मग हसू ओसरलं, भरती उतरावी तसं, आणि खालचे खडक दिसले.

"आठ दिवस, धाकटे?"



होडी विकली नाही. सासरा त्यानं एकट्यानं उचलून बसवला. मी हात पुढे केला, तर म्हणाला, "राहू दे."

आता निघताना तो टाच आपटत नाही. वाकतो, फळी उचलतो, स्वतः बघतो. तोवर मी शिडाचा दोर धरून उभी असते.