टिनाखालची चंदेरी चादर

मी एक जुनी चंदेरी चादर आहे. कामठीतल्या एका घरात, टिनाच्या छताखाली, लाकडी पट्ट्यांना ठोकून मला ताणून बसवलं आहे. मित्रांनो, त्या दुपारची आठवण आली की मी अजून थरथरते.

कारखान्यात प्लास्टिकच्या कापडावर अॅल्युमिनियमचा चकचकीत थर चढवून मला घडवलं. टिन आणि माझ्यामध्ये वीतभर पोकळी आहे. टिनाची धग मी वरच्या वर परतवायची. मी आले त्या उन्हाळ्यात कूलर कमी वेळ चालवावा लागला, वीज वाचली. म्हातारी सुभद्राबाई शेजारणींना कौतुकानं सांगायची, "टिनाखाली बसलो असं वाटतच नाही वं!"

पण तिची सून नंदिनी यंत्रमागावर जायची. तिच्या कपड्यांबरोबर कापसाचा तूस घरात यायचा आणि स्वयंपाकाच्या तेलकट वाफेनं मला चिकटायचा. चार वर्षांत माझी चमक गेली. कोणी वर पाहिलंही नाही.

या मे महिन्यात एका दुपारी उंदरानं माझ्यावरून गेलेली वायर कुरतडली. उघडी तार मला टेकली आणि माझ्या अंगभर वीज भरली. खाली कोणालाच पत्ता नव्हता.

घर पुन्हा तापू लागलं म्हणून त्याच दुपारी नंदिनी मला पुसायला निघाली. लोखंडी स्टूल, अनवाणी पाय, हातात ओलं फडकं. ते फडकं वर येऊ लागलं. मी घाबरून गेले. ज्या घराला मी सावली दिली, तिथं माझ्याच स्पर्शानं जीव जाणार होता!

तेवढ्यात खिडकीच्या गजावरून एक पाल माझ्याकडे सरकली. मागचे पाय लोखंडी गजावर असतानाच पुढचा पाय मला टेकला आणि ती तडफडून खाली पडली.

"नंदे, हात नको लावू वं!" सुभद्राबाई किंचाळली.

"काहून, आई?"

"पाल पाह्य, कशी मेली! वर करंट हाय! उतर पयले!"

नंदिनी खाली उतरली. म्हातारीनं धडपडत जाऊन मेन स्विच पाडला. मग दोघींनी वायरमनला बोलावलं.

वायरमन गोविंदानं नवी वायर पाइपातून, माझ्यापासून दूर नेली. दुसऱ्या दिवशी मेन बंद करून नंदिनीनं मला कोरड्या फडक्यानं पुसलं.

मित्रांनो, माझी चमक जपा, मी तुमचं घर गार ठेवीन. पण माझ्याजवळची वायर दरवर्षी तपासून घ्या आणि मेन बंद केल्याशिवाय मला शिवू नका. प्रत्येक वेळी पाल आधी येईलच असं नाही.