गाड्यांसाठी बावखल

शेवटची पंगत उठली तेव्हा दुपार कलली होती. चंद्रकांताबाईंनी मोरीच्या उंबऱ्यावरच बसकण मारली. समोर भांड्यांचा ढीग होता आणि गुडघ्यांपासून खालचे पाय जणू आपले नव्हतेच. बाहेर पाहुण्यांचे मडक्यात शिजवलेल्या कंदभाज्यांच्या उकडहंडीसोबत फोटो काढून झाले होते आणि आता ते गाड्या काढत होते. म्हणजे भांडण आलंच.

वसईजवळच्या गास गावच्या त्या आळीत दोन सायकली समोरासमोर आल्या तर एकीने कुंपणाला टेकायचं, एवढीच रुंदी. तिथे दर रविवारी मुंबईहून मोटारी येत. मग हॉर्न, आरडाओरडा, कुणाची तरी तुटलेली जास्वंद. मुलगा प्रीतम कामाला होता तो कारखाना बंद पडल्यावर सूनबाई हेमांगीने ही 'वाडीची सहल' सुरू केली होती. शहरातल्या लोकांनी दिवसभर यायचं, इथलं जेवण जेवायचं, जुन्या वसईच्या गोष्टी ऐकायच्या. रांधणं आणि गोष्टी, दोन्ही चंद्रकांताबाईंकडे. घर त्यावरच चाललं होतं, त्यामुळे तक्रार करायला जागा नव्हती.

शेवटची गाडी बाहेर काढून प्रीतम घामाघूम होऊन आत आला.

"आई, हे गाड्यांचं कायमचं मिटवतो. मागचं बावखल भरून घेऊ. नालासोपाऱ्यात जुनी इमारत पाडतायत, तिथला माल फुकट मिळतोय. मंगळवारी ट्रक येईल. सगळ्या गाड्या आरामात राहतील."

बावखल म्हणजे वाडीच्या टोकाचं, पावसाचं गोडं पाणी वर्षभर धरून ठेवणारं तळं. सासऱ्यांच्याही आधीचं.

"बावखल?" त्या एवढंच म्हणाल्या.

"जलपर्णी आणि डास, दुसरं काय उरलंय तिथे? तूच म्हणतेस ना, संध्याकाळी दार उघडं ठेवता येत नाही."

म्हणत होत्या खऱ्या. आयुष्यभर त्या कशाकशासाठी भांडल्या होत्या; रस्त्यासाठी, दिव्यासाठी, भाऊबंदांशी बांधासाठी. आता अंगात जीव नव्हता.

"कर बाबा, तुला काय करायचं ते," म्हणून त्यांनी पहिलं पातेलं पुढे ओढलं.

दिवेलागणीला कुंपणापलीकडून जुलियाना आली. तिची मोगऱ्याची वाडी लागूनच. ती या आळीचीच लेक, चंद्रकांताबाईंच्या यजमानांना दादा म्हणणारी, म्हणून या तिच्या वैनी.

"काय वैनी, झाली का बंद तुमची खानावळ?"

"बस. चहा ठेवते."

"नको, दिवसभर तेच करतेस. आज माझा दूधवाला परत गेला, तुमच्या पाव्हन्यांनी गाडी आडवी लावली म्हनून. मी काय बोलले? नाय बोलले. पन बावखल बुजवनार ऐकलं, ते खरं?"

"प्रीतम म्हणतो."

"प्रीतम म्हनतो. आनि तू?"

"मी दमले गं जुली. मला आता कुणाशी भांडायचं नाही."

"मग नको भांडू. एवढंच सांग, माझ्या विहिरीला गोडं पानी कुठून येतं?"

उत्तर दोघींनाही ठाऊक होतं. बावखलातलं पाणी जमिनीत मुरतं, आजूबाजूच्या विहिरी भरतं आणि खाडीचा खार लांब ठेवतं. ही गोष्ट तर त्या दर रविवारी पाहुण्यांना रंगवून सांगत.

"माझ्या नणंदेकडची बावखलं बुजली आनि विहीर खारी झाली," जुलियाना म्हणाली. "आधी मोगरा गेला, मग नारळ. आता ती टँकरची वाट बघत बसते. तुझ्या अंगनात गाड्या ऱ्हातील वैनी, पन माझ्या मोगऱ्याचं काय? आनि पाव्हन्यांना सांगतेस ना, आमचं पानी असं नि आमची वाडी तशी? काय दाखवनार त्यांना? दगडमातीचा ढीग?"

ती गेली. चहा राहूनच गेला.

सोमवारी सकाळी कितीतरी महिन्यांनी चंद्रकांताबाई वाडीच्या टोकाला गेल्या. बावखलावर जलपर्णीची जाड गोधडी पसरली होती. काठाला प्लास्टिकच्या पत्रावळी अडकल्या होत्या, त्यांच्याच अंगणातल्या. त्यांनी बांबूने जलपर्णी बाजूला सारली. खाली पाणी होतं. काळपट, पण जिवंत. एक बेडूक बुडुक्‌ करून आत गेला.

वैशाखात पाणी उतरलं की आळीतली सगळी घरं इथे गाळ काढायला जमत. बायकांची रांग लागे, पाट्या हातोहात वर येत. गाळ ज्याच्या त्याच्या वाडीत जाई, केळीला, मोगऱ्याला. कुणाची किती पाटी, हे कुणी विचारत नसे. मग विहिरींवर पाण्याच्या मोटारी लागल्या, मुलं नोकऱ्यांना लागली. एक वर्ष राहिलं, पुढचंही राहिलं. आणि आता आपणच म्हणतो, इथे डासांशिवाय आहे काय!

मंगळवारी ट्रक आला. प्रीतम मागे उभा राहून हाताने खुणावत होता, "येऊ दे, येऊ दे." तेवढ्यात चंद्रकांताबाई अंगणातली प्लास्टिकची खुर्ची ओढत आल्या आणि बावखलाच्या उतारावर, ट्रकच्या वाटेत, ती मांडून बसल्या.

"आई, काय चाललंय?"

"काही नाही. उभं राहवत नाही, म्हणून बसले."

"इथे?"

"इथेच."

ड्रायव्हरने डोकं बाहेर काढलं. "माताजी, जरा बाजू हटो ना."

"तू चहा घे बाबा. घाई नको करू."

कुंपणापलीकडून जुलियाना आपली खुर्ची घेऊन आली आणि शेजारी टेकली. प्रीतमने कपाळाला हात लावला.

"तुम्ही दोघींनी ठरवूनच ठेवलंय! आत्या, गाड्यांवरून तूच भांडतेस, आणि जागा करायला निघालो तर तूच आडवी येतेस. मी करू काय? हे बंद करून घरी बसू?"

नोकरी गेल्यावर तो कितीतरी दिवस असाच घरी बसून होता, हे तिथल्या सगळ्यांना आठवलं.

"बंद कोन म्हनतंय?" जुलियानाचा सूर खाली आला. "चर्चचं मैदान मिस्सा संपली की रिकामंच असतं. मी फादरांना विचारते. गाड्या तिथे लावा आनि पाव्हन्यांना चालवत आना."

"या उन्हात कोण चालणार?"

इतका वेळ दारात उभी असलेली हेमांगी पुढे आली. "चालतील. परवा एका बाईंनी मला विचारलं, वाडी कुठे आहे? मी म्हटलं, हीच. तर म्हणाल्या, हे तर अंगण आहे. आपण त्यांना फक्त जेवायला घालतो हो. दाखवत काहीच नाही."

"आणि वाटेत आळी आहे," चंद्रकांताबाई म्हणाल्या. "जुलीची फुलं आहेत. कुणाच्या दारात केळी आहेत, कुणाकडे भाजी. पाहुणे चालत आले तर चार घरी थांबतील, चार घरचं घेतील. आत्तापर्यंत मिळकत आपल्या घरी आणि हॉर्न त्यांच्या दारी. हा कुठला न्याय? तांदळाच्या रोट्या जुली करील. मला एकटीला आता झेपत नाही, प्रीतम. हे मी आधीच सांगायला हवं होतं."

प्रीतम ड्रायव्हरजवळ गेला आणि त्याने हात जोडले. ट्रक भरलेलाच परत गेला.

वैशाखात एका रविवारी गाळ निघाला. सगळी घरं आली नाहीत. काहींनी खिडकीतूनच पाहिलं. पण पाट्या फिरल्या. चर्चच्या मैदानावरून चालत आलेल्या पाहुण्यांतल्या दोघांनी चपला काढल्या आणि रांगेत उभे राहिले. प्रीतम गुडघाभर चिखलात उभा होता. जुलियाना त्याला वरून सूचना देत होती आणि तो, "आत्या, तूच ये ना खाली," म्हणत होता.

एका मुलीने चंद्रकांताबाईंना विचारलं, "आजी, हे तळं किती जुनं आहे हो?"

"जुनं कसलं?" त्या म्हणाल्या. "दर वर्षी नवं करावं लागतं."

वाचकहो, आपापल्या गावात असं काही ना काही आहेच. तळं, देऊळ, किल्ला, एखादी हातातली कला. ते चार लोकांना दाखवून पोट भरायला काहीच हरकत नाही. पण ज्याच्यावर पोट भरतो ते आधी जगवायला हवं, आणि त्याची भाकरी एकाच घरी न शिजता आळीभर पोचायला हवी. पाहुण्यांच्या सोयीसाठी घरचं पाणीच बुजवलं, तर उद्या पाहुणेही येणार नाहीत आणि आपल्यालाही इथे राहता येणार नाही.

हे काम दमवणारं आहे. पुढच्या वैशाखात गाळ पुन्हा साचलेला असेल.