परीक्षेला नसलेले पान

१९८४ सालचा ऑक्टोबर. घाटकोपरच्या डोंगरउतारावरील चाळीत पहाटे साडेपाचला नळाला पाणी आले. सुगंधा परबने दोन हंडे आणि एक कळशी भरली, स्टोव्ह पेटवला, चार भाकऱ्या थापल्या. सात वाजता तिला विक्रोळीच्या कारखान्यात बाटल्यांना लेबले लावण्याच्या कामावर जायचे होते. गिरणीतली नोकरी सुटल्यापासून तिचा नवरा दशरथ गोरेगावला पहारेकरी होता आणि रविवारीच घरी येई.

तिच्या आठ महिन्यांच्या नंदूला आदल्या दिवसापासून जुलाब होत होते. चपला घालता घालता सुगंधाने शेजारच्या खोलीतल्या नणंदेला विचारले, "वन्सं, ह्याला दूध देऊ?"

"दूध नको नि पाणीय नको," दोन मुलगे वाढवलेल्या राधाने बजावले. "वरसून ओतशीत तर खालसून जातला. आमच्याकडे असाच करतत. माझे दोन झील असेच वाढले."

सुगंधा निघून गेली. तिची थोरली मुलगी नलिनी नववीत होती. तिची शाळा दुपारची, आणि त्या दिवशी इतिहासाची चाचणी. नंदूला मांडीवर हलवत ती पाठ करू लागली, "सुरतचा तह सतराशे पंच्याहत्तर, पुरंदरचा सतराशे शहात्तर, साल्बाईचा सतराशे ब्याऐंशी..."

"काय गो, झिलाक अंगाई म्हणतस की तह?" राधा हसली.

"आत्ये, गप ना! पहिली आले तर सर बोर्डावर नाव लिहिणारेत."

नंदूने कोरडे ओठ चाटले आणि पाण्याच्या तांब्याकडे हात पसरला. नलिनीने तांब्या फळीवर ठेवला. "नाही रे राजा. बरा झालास की पोटभर देईन हं."

दहाच्या सुमारास त्याचे रडणे बारीक झाले. डोळ्यांतून पाणीही येईना. टाळू खोल गेली म्हणून राधाने तीवर तेल घातले. मग तो निपचित पडला. झोपला, असे समजून नलिनीने वसईचा तहही पाठ केला. तिने हाक मारली तेव्हा त्याचे डोळे अर्धवट उघडे होते.

दोघी त्याला घेऊन डोंगर उतरल्या. इस्पितळातल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी तपासून मान खाली घातली. "उशीर केलात. ह्याचं पाणी कोणी तोडलं? नुसत्या साखर-मिठाच्या पाण्यानं वाचला असता हो." राधा भिंतीला टेकून खाली बसली. नलिनीच्या हातात पुस्तक तसेच होते.

चौदाव्या दिवशी ती शाळेत आली. मधल्या सुट्टीत इतिहासाचे शिक्षक मधुकर साठे यांच्यापुढे तिने आरोग्याचे पुस्तक उघडले.

"सर, हे पान आपण सोडलं होतं ना? आत्या म्हणाली, आमच्याकडे असंच करतात; मी ऐकलं."

पानावर जुलाब झालेल्या मुलाला पाणी कसे द्यावे ते चित्रांसह दिले होते. समासात नलिनीच्याच सुवाच्य अक्षरांत लिहिले होते : 'परीक्षेला नाही.' ते शब्द साठ्यांनीच सांगितले होते. आरोग्याचा शुक्रवारचा तास त्यांनी इतिहासाच्या उजळणीसाठी मागून घेतला होता आणि वर्षअखेर आरोग्याच्या श्रेण्या अंदाजाने भरल्या जात. सगळ्याच शाळांत असे चाले, म्हणून कोणाला त्यात गैर वाटले नव्हते.

साठ्यांनी समासातले शब्द वाचले. मग म्हणाले, "हो. मीच सोडलं."

संध्याकाळी ते मुख्याध्यापिका पद्मजाबाईंकडे गेले. "तो तास मला परत द्यायचा आहे."

"आणि इतिहास कधी पुरा करणार? तुमच्या विषयाचा निकाल शाळेत सर्वांत वरचा आहे. आता सनावळ्या सोडून मुलांना सरबतं करायला शिकवणार?"

"सनावळ्या मला प्रिय आहेत, बाई. पण 'आमच्याकडे असंच करतात' ह्या वाक्याला 'का?' विचारायला मी त्या मुलीला शिकवलं नाही. इतिहास शिकवूनही नाही."

"निकाल घसरला तर संस्थेला उत्तर कोण देणार?"

"मी देईन. त्या घरी द्यायला मात्र माझ्याजवळ उत्तर नाही."

पद्मजाबाईंनी हो म्हटले नाही आणि नाहीही म्हटले नाही. साठ्यांनी भिंतीवरच्या वेळापत्रकात शुक्रवारच्या चौथ्या तासावरचा 'इतिहास' खोडून 'आरोग्य' लिहिले आणि खाली सही केली.

शुक्रवारी ते घरून उकळून गार केलेले पाणी, साखर आणि मीठ घेऊन आले. फळ्यावर एकही सन नव्हता. एक पेला पाणी, एक चमचा साखर, तीन बोटांच्या चिमटीत मावेल एवढे मीठ. प्रत्येकाने आपापला पेला केला. मागच्या बाकांवर हसणे चालले होते. नलिनी उठली तसे ते थांबले. तिने मीठ घातले, ढवळले. पुस्तकात लिहिले होते : चव अश्रूंहून खारट नसावी.

तिने एक घोट घेतला. तोंडातली चव तिला चांगली ओळखीची होती.

"बरोबर झालंय, सर," ती म्हणाली. पेला तिने सांडला नाही. शाळा सुटल्यावर दोन्ही हातांनी धरून, सावकाश डोंगर चढत, तो तिने आत्याच्या दारापर्यंत नेला.