चालवून बघायची गाडी

मित्रांनो, मी सेलूच्या एका दुकानातली डेमो गाडी आहे. विजेवर चालणारी, दोन चाकांची, रंगाने पांढरी. माझ्या दोन्ही बाजूंना 'टेस्ट राईड' असं ठसठशीत लिहिलेलं आहे, म्हणून मला कोणी नाव विचारत नाही. आपली कहाणी सांगणाऱ्या वस्तू बहुतेक सोशिक आणि गुणी असतात. मी तशी नाही. मी हेवेखोर आहे, आणि ते लपवून मला माझी गोष्ट सांगता येणार नाही.

कारखान्यात आम्ही सगळ्या सारख्याच घडलो. एकाच ट्रकमधून आम्ही सहा जणी सेलूला आलो. दुकानाचे मालक बन्सीधरशेठ यांनी ट्रकचं फळकं उघडलं आणि बोट दाखवून म्हणाले, "ही डेमोला ठेवा." मीच का? तर मी दाराजवळ होते, एवढंच. माझ्या मागे उभी असलेली निळी पुढच्याच आठवड्यात हार घालून एका घरी गेली. ती दाराजवळ असती तर?

तेव्हापासून पाहायला मला यायचं आणि पसंत दुसरीला करायचं, असं सुरू झालं. गिऱ्हाईक यायचं, माझी सीट बडवायचं, हॉर्न वाजवून बघायचं, चार वेळा करकचून ब्रेक दाबायचं. मग पाण्याच्या टाकीपर्यंत जाऊन परत. दोन वर्षांत मी शेकडो माणसं पाठीवर घेतली, पण त्या टाकीच्या पलीकडचं जग काही पाहिलं नाही. "झकास पळते," असं माझं कौतुक करून ते आतली, प्लास्टिकात गुंडाळलेली गाडी बाहेर काढायला सांगायचे. तिच्या चाकाखाली लिंबू, तिच्यापुढे नारळ, तिच्या आरशाला झेंडूचा हार. आयत्या बिळावर नागोबा! माझ्या अंगाचा अगदी तिळपापड व्हायचा.

आणि खाणंपिणं? बाकीच्यांना विकायचं म्हणून जपत. मला मात्र गिऱ्हाईक आलं की तेवढ्यापुरतं चार्जिंगला लावत. उन्हाळ्यात गिऱ्हाईक कमी, तेव्हा मी दोन-दोन महिने रिकाम्या बॅटरीने कोपऱ्यात उभी असे. माझ्या सीटवर बन्सीधरशेठचा जेवणाचा डबा ठेवलेला असे.

अशात एके दिवशी चंद्रप्पा नावाचे गृहस्थ घरच्यांना घेऊन आले. कपाळावर भस्माचे तीन पट्टे, खांद्यावर उपरणं. सोबत मुलगा शिवकांत, बायको महादेवी आणि सून त्रिवेणी. गाडी त्रिवेणीसाठी घ्यायची होती. सेलूहून चौदा किलोमीटरवर, वालूरच्या अलीकडे एक लहान गाव आहे, तिथलं टपाल कार्यालय ती एकटी सांभाळत होती. दहा वाजता कुलूप उघडलंच पाहिजे, पण टमटम भरल्याशिवाय हलायची नाही. दोनदा उशीर झाला आणि दोनदा साहेबांनी तिच्याकडून लेखी खुलासा मागवला. नोकरी टिकवायची तर स्वतःची गाडी हवी, असं तिनेच घरात सांगितलं होतं.

शिवकांतने मला टाकीपर्यंत पळवून आणलं आणि म्हणाला, "पिकप बरा हाय. घेऊन टाकू."

चंद्रप्पांनी विचारलं, "गाडी कुणाला घ्यायलोत?"

"त्रिवेणीला."

"मग तू कशाला हिंडवायलास?"

शिवकांत ओशाळून खाली उतरला. चंद्रप्पा बन्सीधरशेठकडे वळले. "हे बघ बन्सीधर, बैल घेताना कुणी नुसते दात बघून घेत न्हाई. औताला धरून बघतेत. ही गाडी तीन दिस आमच्या घरी दे. सून चालवंल, वझं वाहील, मग ठरवू."

"मामा, डेमो बाहेर देत न्हाईत."

"मग आमी परभणीला बघतो."

बन्सीधरशेठने मुकाट्याने चावी दिली. मित्रांनो, मी पहिल्यांदा त्या टाकीला मागे टाकून पुढे गेले. एखाद्याच्या घरी निघाले!

पहिला दिवस शिकण्याचा. कापसाच्या जिनिंगमागच्या मोकळ्या मैदानात त्रिवेणी माझ्यावर बसली. शिवकांत मागून धरून पळत होता. तिचे हात इतके गच्च आवळलेले की माझं हँडल दुखलं. तिसऱ्या फेरीला ती पडली. खाली मी, वर ती. माझा डावा आरसा फुटला, तिला मात्र साधं खरचटलंही नाही. मला त्याचा केवढा अभिमान वाटला म्हणून सांगू! संध्याकाळपर्यंत ती एकटी गोल फेऱ्या मारत होती आणि मोठमोठ्याने हसत होती.

घरी मोठ्या पिनेचं एकच सॉकेट होतं आणि त्यावर फ्रिज चालायचा. महादेवीबाईंनी फ्रिजची पिन उपसली, माझी खोचली आणि वायर खिडकीतून ओसरीवर सोडली. सकाळी दूध नासलं. कोणी मला बोल लावला नाही. "असू द्या, पाहुणी हाय," असं म्हणत त्यांनी त्या दुधाचा कलाकंद केला. दुसऱ्या दिवशी पायापाशी ज्वारीचं दळण आणि मागे महादेवीबाई, असं ओझं घेऊन मी गिरणीवर गेले. "आवाजच न्हाई गं हिला! देवळात बसल्यावानी वाटायलंय," त्या म्हणाल्या. मी पार विरघळले. मनाशी पक्कं ठरवून टाकलं की हेच माझं घर. ही माणसं मला परत कशाला नेतील?

तिसऱ्या दिवशी त्रिवेणी मला घेऊन कामावर निघाली. डिकीत डबा, खांद्याला पिशवी. मी जीव तोडून पळाले. कापसाची रानं, उसाचे फड, कालव्यावरचा पूल, सगळं मागे पडत गेलं. आणि दहा किलोमीटर झाले असतील नसतील, माझ्यातली ताकद संपली. रात्रभर चार्जिंग होऊनही संपली. महिनोन्‌महिने उपाशी राहिलेल्या बॅटरीत चार्ज टिकतच नव्हता. त्रिवेणीने चावी फिरवली, बटण दाबलं, मला गदागदा हलवलं. समोरून भरलेली टमटम निघून गेली.

चार किलोमीटर तिने मला ढकलत नेलं. पोचली तेव्हा अकरा वाजून गेले होते. पायरीवर निराधार योजनेचे पैसे न्यायला आलेली पारूबाई नावाची म्हातारी काठी टेकून बसली होती, तिच्यामागे आणखी सात-आठ म्हाताऱ्या. "कवाच्या बसलाव माय आमी," पारूबाई म्हणाली. नेमका त्याच सकाळी दहाला साहेबांनी कार्यालयात फोन केला होता आणि तो कोणी उचलला नव्हता. दुपारी पुन्हा आला. ही शेवटची वेळ, असं त्यांनी तिला स्पष्ट सांगितलं. तिथल्याच भिंतीशी दिवसभर चार्ज होत मी ते सगळं ऐकलं. संध्याकाळी परतताना मी पुन्हा वाटेत बंद पडले, तेव्हा शिवकांतने येऊन मला ढकलत घरी नेलं.

रात्री जेवताना शिवकांत म्हणाला, "नको ती चार्जिंगची गाडी. भरवसाच न्हाई. एक टमटम आधीची पकड, सकाळी सहालाच निघत जा."

मित्रांनो, आता खरं सांगते. ते ऐकून मला आनंद झाला. माझ्यामुळे नाव गेलं सगळ्या विजेच्या गाड्यांचं, तर जाऊ दे! मला घर नाही, तर त्या प्लास्टिकातल्या गाड्यांना तरी का असावं? तुला ना मला, घाल कुत्र्याला. मी ओसरीवर उभी राहून मनातल्या मनात टाळ्या पिटत होते.

तेवढ्यात त्रिवेणी बाहेर आली. तिने ओल्या फडक्याने माझ्यावरची धूळ पुसली, फुटलेल्या आरशाची काच वेचून काढली. मग हँडलवर डोकं टेकून ती रडली. "मी लय भरवसा ठेवला होता गं तुझ्यावर," एवढंच म्हणाली. तिला गाडीपेक्षा आणखी काही हवं होतं. कोणाची वाट न बघता आपलं आपण निघायचं आणि वेळेवर पोचायचं, हे तिला हवं होतं. ते तिच्या हातातून निघून चाललं होतं आणि मी टाळ्या पिटत होते. मला माझीच लाज वाटली.

सकाळी सगळे मला परत करायला निघाले. दुकानात शिवकांतने चावी टेबलावर ठेवली. चंद्रप्पांनी मात्र खुर्ची ओढली.

"बन्सीधर, हिला दुकानात किती दिस उपाशी ठेवतोस रे?"

"म्हंजे?"

"चार्जिंग कवा करतोस? खरं सांग."

बन्सीधरशेठने मान खाजवली. "गिऱ्हाईक आलं की करतो मामा. न्हाई तर महिना महिना तशीच असती."

"मग? उपाशी बैल औताला धरून, बसला बसला म्हणून वरडायलो आपण. खोट गाडीत न्हाई, तुझ्या ठेवण्यात हाय."

शिवकांत काही बोलणार, एवढ्यात त्रिवेणी पुढे झाली. सासऱ्यांपुढे तिचा आवाज मी प्रथमच ऐकला. "मामा, चालवणार मी हाय, तर मीच सांगते. रोज माझं अठ्ठावीस किलोमीटर होतंय. मला साठ-सत्तर जाणारी घेऊन द्या, कागदावर न्हाई, रस्त्यावर. बॅटरी काढून घरात साध्या पिनेवर लावता आली पायजे, मंजी फ्रिज बंद पडणार न्हाई. पायापाशी दळण मावलं पायजे. आन मी पडले तर मला उचलता येईल एवढीच जड."

हे सगळं ती माझ्यावर शिकली होती. क्षणभर तिची नजर माझ्याकडे वळली आणि मला वाटलं, आता माझं नाव घेईल! तिने बोट दाखवलं ते आतल्या लाल गाडीकडे.

हार आला, नारळ फुटला. चंद्रप्पांनी लाल गाडीच्या दिव्यावर भस्माची तीन बोटं ओढली, वर बेलाचं पान ठेवलं. मी कोपऱ्यातून बघत होते. पडले मी, आरसा फोडून घेतला मी, बोलणी खाल्ली मी, आणि मिरवायला ही! गाडी दाराबाहेर पडली तेव्हा त्रिवेणीने हँडल अगदी सैल हाताने धरलं होतं. माझ्या मनात आनंद आणि आग दोन्ही एकदम होती. आग जास्त होती.

बन्सीधरशेठला चंद्रप्पांचे शब्द लागले असावेत. त्यांनी कंपनीच्या मागे लागून माझी बॅटरी बदलून घेतली. आता दर संध्याकाळी दुकान बंद करण्याआधी ते माझा चार्ज बघतात. जेवणाचा डबाही हल्ली टेबलावर असतो.

मित्रांनो, हेवेखोर गाडीने उपदेश करू नये हे मला कळतं. तरी एक मागते. घरातली गाडी असो की दुकानातली, तिला रिकाम्या पोटी कोपऱ्यात टाकू नका. जी वस्तू आपल्या नावावर नसते, तिचीच सगळ्यात जास्त हेळसांड होते. भाड्याची सायकल, शाळेचा चेंडू, वाचनालयाचं पुस्तक, सगळ्यांची हीच तक्रार असते. आपलं नाही म्हणून तुम्ही ते आपटता, आणि नंतर तेच तुमच्या गरजेला कमी पडतं.

पाच महिन्यांनी लाल गाडी सर्व्हिसिंगला आली. त्रिवेणीला तर कामावर जायचंच होतं. बन्सीधरशेठने माझी चावी पुढे केली. ती थोडी थांबली. तिने माझा चार्ज पाहिला, एकदा सीटवरून हात फिरवला आणि बसली. मी श्वास रोखून पळाले. कालव्याचा पूल गेला, मी गेल्या वेळी जिथे बंद पडले होते ते बाभळीचं वळणही गेलं. दहाला दहा मिनिटं कमी असताना आम्ही पायरीशी उभ्या होतो.

पारूबाई तिथे होतीच. तिने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "काय गं माय, लाल गाडी मोडली का? ही जुनी कुठून आणलीस?"

त्रिवेणी कुलूप उघडत होती. मागे न बघताच म्हणाली, "जुनी न्हाई आजी. ही माझी पहिली गाडी हाय."

संध्याकाळी दुकानात मला लाल गाडीच्या शेजारीच उभं केलं. मी तिला ते वाक्य ऐकवलं. दोनदा ऐकवलं.