उशिराचं कारण

चिठ्ठी वाचली आणि फरशीवाल्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. शाळेचा छापील कागद, खाली मुख्याध्यापिकाबाईंची सही. आपली मुलगी या महिन्यात नऊ वेळा उशिरा आली, मुलांनी वेळेवर शाळेत येणे महत्त्वाचे आहे, पालकांनी नोंद घ्यावी.

"नोंद घ्यावी म्हणे," तो बायकोला म्हणाला. "मी काय यांचा कारकून आहे? आणि उशीर तरी किती, दोन मिनिटं, चार मिनिटं. तेवढ्यात काय आभाळ कोसळतं?"

बायको लेकीची वेणी घालत होती. लेक तिसरीतली, एका जागी बसणार नाही म्हणून तिला सगळे खारू म्हणायचे. आज मात्र ती गप्प बसून होती.

"आज तिचा परिपाठ आहे," बायको म्हणाली. "आठला गेट बंद होतं. आज तरी तोंड आवरा आणि सरळ जा."

"सरळच जातो. आणि त्या बाईंना चार शब्द सुनावूनच येतो."

परिपाठात सगळ्या शाळेसमोर, माईकवर, आपण स्वतः लिहिलेलं वाचायचं असतं. एकेका मुलाची पाळी वर्षातून एकदाच येते. खारूने बाबांच्या कामावरच पानभर लिहिलं होतं. पाणसळीच्या नळीतला बुडबुडा मधोमध आला की फरशी सपाट बसली, हे तिने चित्र काढून समजावलं होतं. आठवडाभर वाचून पान तोंडपाठ झालं होतं, तरी ते तिने घडी घालून मुठीत धरलं.

घरून निघाले तेव्हा साडेसात वाजले होते. शाळेची वाट वीस मिनिटांची. दहा मिनिटं हाताशी होती, कुणाही शहाण्या माणसाला पुरली असती.

पण दवाखान्याच्या कोपऱ्यावर नवा फुटपाथ चालला होता. आता बावीस वर्षं फरशी बसवणाऱ्या माणसाने काय डोळे मिटून जायचं? खाली धड भर नाही, सांधे वाकडे, आणि उतार गटाराकडे द्यायचा तो दिलाय दवाखान्याच्या दाराकडे. मुकादम बाजूला उभा राहून चहा पीत होता.

"पाण्याने जायचं कुठे?" फरशीवाल्याने विचारलं. "दवाखान्यात? नाव नोंदवून?"

"तुमचं काय जातंय, साहेब?" मुकादम म्हणाला.

झालं. आमचंच जातंय, आमचीच म्हातारी माणसं इथे घसरून पडणार, असं म्हणत त्याने पिशवीतून पाणसळ काढली आणि रस्त्यातच गुडघे टेकले. बुडबुडा एका टोकाला जाऊन बसला होता. मुकादमाने ढुंकूनही पाहिलं नाही, त्यामुळे फरशीवाला आणखीच पेटला.

"बाबा," खारूने बाही ओढली.

"एक मिनिट."

"बाबा, गेट."

"अगं एकच मिनिट. याला जरा शिकवू दे."

शाळेपाशी पोचले तेव्हा आठ वाजून तीन मिनिटं झाली होती. मोठं गेट बंद, पण गेटवरचे मामा छोटं दार धरून उभे होते.

"पोरीला सोडा, दादा," ते हळूच म्हणाले. "प्रार्थना चालू आहे. पळाली तर पाळी मिळेल तिला."

"मेहेरबानी नको मला," फरशीवाला म्हणाला. खारूचा हात त्याच्या मुठीत होता. "आधी सांगा, तीन मिनिटांना उशीर कोण म्हणतं? घड्याळ कुणाचं? कुणाला विचारून लावलंय?"

मामा बिचारे काय सांगणार. हा आपला तोंडाचा पट्टा चालवतोय. आत माईकवरून खारूचं नाव पुकारलं. थोड्या वेळाने पुन्हा पुकारलं. खारू हात सोडवायला ओढत होती तेही त्याला कळलं नाही.

दोघं ऑफिसात आली तेव्हा माईकवर दुसराच मुलगा वाचत होता. मुख्याध्यापिकाबाईंनी फरशीवाल्याचं सगळं ऐकून घेतलं आणि एक रजिस्टर पुढे सरकवलं. उशिरा येणारी मुलं त्यात आपल्या हाताने कारण लिहायची.

"मुलगी हुशार आहे," बाई म्हणाल्या. "पण फार वेंधळी. तुम्हीच वाचा."

त्याने वाचलं. बूट सापडला नाही. उशिरा उठले. पाण्याची बाटली विसरले म्हणून परत गेले. मी हळू चालते. गोल गोल अक्षर, प्रत्येक ओळीखाली खारूचं नाव.

त्याचं डोकंच फिरलं. त्याच्या लेकीला वेंधळी म्हणायची कुणाची टाप होती?

"साफ खोटं आहे हे. साडेसहाला उठून तयार असते माझी पोर. बूट रात्रीच पुसून दारात ठेवते. आजवर एक वस्तू विसरलेली नाही. आणि चालते कसली हळू? मलाच तिच्यामागे पळावं लागतं."

"अस्सं," बाई म्हणाल्या. "मग उशीर का होतो?"

त्याने खारूकडे पाहिलं. ती आपल्या बुटांकडे बघत होती. बूट लख्ख होते.

बाहेर टाळ्या वाजल्या. परिपाठ संपला.

"तिची पाळी..." तो म्हणाला.

"यादी वर्षअखेरपर्यंत भरलेली आहे. आता पुढच्या वर्षी."

या गोष्टीवर खरं तर तासभर भांडता आलं असतं.

खारूने सवयीने पेन उचललं, आजची तारीख टाकली आणि कारणाच्या रकान्याशी थांबली. "पोट दुखत होतं लिहू?" तिने त्याला अगदी हळू विचारलं.

त्याने तिच्या हातातून पेन घेतलं. त्याचं अक्षर काही बरं नव्हतं. सावकाश, एकेक अक्षर बसवत त्याने लिहिलं, बाबा रस्त्यात भांडत होते.

खारूने वाकून ओळ वाचली. हातातलं पान तिने दप्तरात टाकलं आणि चेन लावली.

"गेटपाशीपण," ती म्हणाली.

त्याने तेही लिहिलं.