सरांचा चुकलेला भागाकार

“सर, तुम्ही चुकले ना बाप्पा!” सीताबर्डीच्या तर्रीपोह्याच्या ठेल्यावर विक्की असा बोंबलला, की ठेलेवाल्याच्या हातातली पळी थांबली.

समोर उभे होते प्रेमानंद मेश्राम सर. ते कॉलेजात तासिका तत्त्वावर सांख्यिकी शिकवायचे आणि पोरांसाठी ब्लॉग लिहायचे, अगदी जीव ओतून. पोरं परीक्षेपुरतं उतरवून घ्यायची अन् पसार! खाली शंका विचारायला जागा होती, तिथे चिटपाखरू फिरकत नव्हतं. कुणीतरी काही विचारावं, एवढीच सरांची आस. आणि आज पहिली कॉमेंट आली ती विक्कीची, आणि तीही ही! लेखात सरासरी काढताना सात पोरांच्या गुणांची बेरीज करून सरांनी भागलं होतं सहाने.

सरांचे कान तापले. “थांब गा, आत्ताच खोडतो,” म्हणत त्यांनी मोबाइल काढला.

“नका खोडू, सर!” रोशनी मध्येच बोलली. वर्गात कधी तोंड न उघडणारी पोरगी ही!

“काहून वं? साऱ्या जगाले माझी फजिती दिसून राहिली.”

“म्हणूनच तं! तुमचं सगळं बरोबर राहते. त्याच्याखाली आपला येडा प्रश्न नावानिशी कोण लिहीन, सर? सारा वर्ग हसते. आता तुमचंच चुकलं, तं मलेबी हिंमत आली.”

सरांनी ब्लॉगवर चित्रं टाकली होती, रंग बदलले होते, सोपं करून लिहिलं होतं, आणि पोरं अडली होती ती हसं होईल या धाकाने! त्यांनी चूक तशीच ठेवली. खाली लिहिलं, ‘विक्की बरोबर आहे. मी चुकलो.’

मग काय विचारता! पोहे संपायच्या आत रोशनीचा प्रश्न आला, नावानिशी! सरांनी आनंदाने ठेलेवाल्यालाही मोबाइल दाखवला. संध्याकाळपर्यंत पोरं नुसती तुटून पडली. कुणी विचारतंय, कुणी जुन्या लेखांतल्या चुका हुडकतंय, कुणी दुसऱ्यालाच समजावतंय. हुडकेश्वरच्या घरी जेवतानाही सर मोबाइल सोडेनात. “घास तं गिळा आधी!” त्यांच्या पत्नी कौशल्याबाई ओरडल्या.

नव्या सत्रात कॉलेजने सरांना तासिका दिल्याच नाहीत. आता ते गांधीबागेत कापडाच्या दुकानात बसतात. फार लागलं ते त्यांना.

एका दुपारी दुकानात कुणी नव्हतं, म्हणून त्यांनी ब्लॉग उघडला. नव्या वर्गातल्या अबोलीचा प्रश्न होता. सरांचा चेहरा खुलला. भराभर उत्तर टाइप केलं. पाठवणार, तोच पुढच्या वर्गात गेलेल्या रोशनीचं उत्तर झळकलं. चुकलेलं! सरांचं बोट थांबलं. थोड्या वेळात विक्की उगवला. ‘रोशनी, एक पोरगं मोजाचं राहिलं वं.’

खाली रोशनीने लिहिलं, ‘हो गा, चुकलं. सरांवर गेली मी.’

सर इतके हसले, की डोळे भरून आले. मग त्यांनी आपलं उत्तर पुसलं आणि दारात आलेल्या गिऱ्हाइकासमोर तागा उलगडला.